शून्य स्कोअर

११ नोव्हेंबर

दोनशे चाळीस. दिवसभर हाच आकडा डोक्यात फिरतोय. जेवायला बसले आणि उठून पुन्हा कन्सोलवर जाऊन पाहून आले. तोच आकडा.

पुण्याहून शहाद्याला येऊन मला तीन आठवडे झाले. सेंटरमधलं सीटी मशीन नवं आहे, मी नवी आहे, आणि आज इथे आल्यापासूनचा माझा पहिला कॅल्शियम स्कॅन होता. यात सुई नाही, औषध नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत किती चुना साचलाय ते पाहायचं आणि त्यावरून मशीन एक स्कोअर देतं. धडधाकट माणसाला पुढे धोका किती, याचा अंदाज बांधायचा म्हणून ही तपासणी. धडधाकट माणसाची म्हणूनच किरण अगदी थोडे द्यायचे. आणि मशीनने स्क्रीनवर डोस दाखवला दोनशे चाळीस! साठ-सत्तरमध्ये काम व्हायला हवं होतं.

भाग्येश आमचा टेक्निशियन. त्याला विचारलं. तो म्हणाला, "मशीन बसवायला आले होते ना मॅडम, त्यांनीच असं सेट करून दिलं. फोटो बघा ना किती क्लिअर येतो."

फोटो सुंदर होता, यात वाद नाही. गळ्यापासून पोटापर्यंत सुंदर. हृदय पाहायचं तर गळ्यावर आणि पोटावर किरण कशाला? शिवाय हृदयाच्या एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत मशीन अखंड चालू. मी येण्याआधी असे किती जण इथून गेले असतील कोण जाणे. विचारायचं धाडस झालं नाही.

१३ नोव्हेंबर

बदललं. आता दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय जरा निवांत असतं, तेवढ्याच क्षणी किरण सुटतात. लांबीही कापली, फक्त हृदयापुरती. आज एकाहत्तर आला. भाग्येशने टाळ्या वाजवल्या. मी हसले, पण लगेच वाटलं, एकाहत्तरच का? आणखी कमी का नाही?

आईचा फोन. "तुले येळ शे का?" अशी सुरुवात केली की ती काहीतरी लांबलचक सांगणार हे ठरलेलं. म्हणाली, "जिना चढनं का जबडा धरस. दाढच शे वाटस." म्हटलं, दातना डॉक्टरले दाखाड, वाट नको देखू. तिचं आणखी काहीतरी चाललं होतं, पण भाग्येश पुढच्या पेशंटला आत घेत होता.

१९ नोव्हेंबर

रतिलाल सर म्हणजे सेंटरचे मालक. डिसेंबरात त्यांना मोठं शिबिर घ्यायचंय. आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची हृदयतपासणी, ऐंशीच्या आसपास लोक. मी सरळ सांगितलं, डोस मी ठरवीन, नाहीतर एकाही रिपोर्टवर सही करणार नाही.

सर खुर्चीत मागे रेलले. "डोस पाहिजे तेवढा कमी करा डॉक्टर. पण आलेला एकही माणूस परत जायला नको."

"चालेल," मी म्हणाले.

जिंकल्यासारखं वाटलं. घरी येताना गाडीत गाणं म्हणत होते.

२३ नोव्हेंबर

आता व्होल्टेज. ते उतरवलं की डोस झपाट्याने उतरतो. गोची एवढीच की कमी व्होल्टेजवर चुना जास्त उजळ दिसतो आणि स्कोअर उगाच फुगतो. म्हणून एवढ्याच्या वर उजळ दिसेल तोच चुना, ही जी मर्यादा मशीनला सांगितलेली असते ती थोडी वर न्यावी लागते. फार वर नेली तर फिकट ठिपके निसटतात. कमी नेली तर नसलेला चुना दिसतो.

नाशिकहून प्लास्टिकची छाती मागवली होती. तिच्यात चुन्याचे लहानमोठे मणी बसवलेले असतात. रविवार असूनही भाग्येश आला. जुन्या सेटिंगवर, नव्या सेटिंगवर, पुन्हा जुन्या, पुन्हा नव्या. आकडे जुळले. देवधर मॅडमना फोन केला. एमडीला त्यांनीच मला शिकवलं. म्हणाल्या, "फेब्रुवारीत नाशिकला परिषद आहे. तालुक्याच्या गावात हे काम होतंय, लोकांना कळू दे. पेपर वाच."

मी! शहाद्याहून!

फोन ठेवल्यावर बसवेना. सेंटरच्या आवारात चकरा मारत राहिले. भाग्येश म्हणाला, "मॅडम, चहा तरी घ्या." हातात घेतला आणि तसाच गार झाला.

४ डिसेंबर

दत्तजयंती. दादाने, म्हणजे नवलने, आमच्या गावाहून, ब्राह्मणपुरीहून, गाडी आणली आणि आई, तो आणि मी सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. लहानपणी घोडे बघायला जायचे, तेव्हापासून गेलेच नव्हते. एक काळा घोडा एवढा देखणा होता की दादा त्याच्यासमोरून हलेना.

मंदिराकडच्या चढावर आई थांबली. एका दुकानाचा बांबू धरून उभी राहिली. दादाने हाक मारली तर म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे. मी घोडा देखस." तिकडे घोडे नव्हते, बांगड्यांची दुकानं होती. बांगड्या बघायच्या असतील, आमच्यासमोर लाज वाटली असेल. मजा वाटली. तेवढ्यात मशीनच्या इंजिनिअरचा फोन आला आणि अर्धा तास त्याच्याशीच वाद घालत बसले. जाड माणसांचे फोटो खरखरीत येतात, त्यावर काय करायचं हा प्रश्न आहे. तो म्हणतो करंट वाढवा, म्हणजे किरण जास्त. मी म्हणते वाढवायचा नाही, आकडेमोडीनेच चित्र साफ करायचं.

परत येताना आई गाडीत झोपून गेली. यात्रेत थकली बिचारी.

१० डिसेंबर

शिबिराचे दोन्ही दिवस पार पडले. सरासरी डोस अडतीस. अडतीस! दोनशे चाळीसवरून!

माणसं चांगली होती. तोरणमाळच्या आश्रमशाळेतले धनसिंग गुरुजी लक्षात राहिले. पन्नाशीचे, भरदार अंगाचे, आवाज मोठा. टेबलावर झोपण्याआधी विचारलं, "मॅडम, याच्यात आग किती?"

मी म्हटलं, "पूर्वीच्या मानाने फारच थोडी, गुरुजी."

"मग करा. माझा थोरला भाऊ शेतात बसल्या बसल्या गेला. मला माझं काय ते कळू द्या."

त्यांचा स्कोअर नऊ आला. फोटो खरखरीत होता, पण ठिपके मर्यादेच्या वर होते. रिपोर्ट दिला, थोडा चुना आहे, जपा. त्यांचा चेहरा एकदम उतरला. समजावायला हवं होतं, पण बाहेर रांग होती.

एक पीटीचा शिक्षक तर जेमतेम तिशीचा. सकाळी पाच किलोमीटर पळतो म्हणाला. त्याचाही केला. शून्य. डोस बत्तीस, कालचा-आजचा सगळ्यात कमी.

१५ डिसेंबर

आई न सांगता सेंटरला आली. एसटीने. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत. दाढ काढून आठ दिवस झाले तरी जबडा दुखतोच म्हणाली. दातवाल्याला विचारलं तर तो म्हणे जखम भरायला वेळ लागतो.

रिसेप्शनवर बसून राहिली होती. मी मधून मधून डोकावत होते. एकदा म्हणाली, "बठ ना जराशी. कसाले पळापळ करी ऱ्हायनी?" बसायला वेळ कुठे होता! मग सुचलं, आईचाच स्कॅन करून टाकू. बासष्ट वर्षांची आहे, एकदा पाहिलेलं बरं, तिच्या मनालाही बरं वाटेल. आणि तिची अंगकाठी लहान. या सेटिंगवर किती खाली जाता येतं तेही कळेल.

ती आधी नको म्हणाली. "तूच सांगस ना, त्या किरण वंगाय ऱ्हातस?" मी म्हटलं, वाईट ते दुसऱ्यांच्या मशीनचे. मी तुला कवडीएवढे देईन.

एकोणतीस! आतापर्यंत सगळ्यात कमी. आणि स्कोअर शून्य. मी बाहेर जाऊन तिला मिठीच मारली. "माय, तुन्हं हृदय कोरी पाटी शे." ती हसली. म्हणाली, "मंग चांगलं शे." डबा तेवढा माझ्यासमोर उघडून ठेवला आणि साडेतीनच्या एसटीने गेली. स्टँडवर सोडायला जायचं होतं, पण रिपोर्ट राहिले होते.

भरीत अप्रतिम झालं होतं.

२२ डिसेंबर

स्लाइड्स. आईची केस पाचव्या स्लाइडवर घेतली, नाव न घालता. बासष्ट वर्षांची स्त्री, डोस एकोणतीस, स्कोअर शून्य. आलेखात तो बिंदू अगदी खाली दिसतो.

३१ डिसेंबर

दादाचा फोन. आई हल्ली पपईच्या वावरात येत नाही, बांधापर्यंत आली तरी बसून जाते, रोशनी वहिनीला काम पडतं. मी म्हटलं, वय झालं रे तिचं. हृदय एकदम ठीक आहे, मी स्वतः पाहिलंय. बी-ट्वेल्व्ह आणि हिमोग्लोबिन करून घे.

तो म्हणाला, "तू पाह्यं ना? मंग झायं." त्याच्या आवाजातली काळजी गेली. मलाही बरं वाटलं.

९ जानेवारी, सुरत

लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परवा सकाळी दादाचा फोन आला. "माय पडी गई. गच्चीवर मिरच्या वाळू घालाले गयी व्हती. घाम घाम व्हई गया, जबडा धरीसन बसेल शे." मला वाटलं चक्कर असेल. मी म्हटलं, साखरपाणी दे. हो, मी म्हटलं असं. मग तो म्हणाला, डावा हातही दुखतोय. तेव्हा कुठे मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता शहाद्याला आण.

दादाने तिला शहाद्याच्या दवाखान्यात आणेपर्यंत मी तिथे पोचले होते. ईसीजी मीच आधी पाहिला. रेघा ज्या तऱ्हेने वर चढल्या होत्या त्यात शंकेला जागाच नव्हती. हार्ट अटॅक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देऊन अॅम्ब्युलन्सने नवापूरमार्गे सुरतला. वाटेत तिचा हात माझ्या हातात होता. थंडगार, ओला. तिने एकदाच विचारलं, "नवल जेवना का?"

इथल्या डॉक्टरांनी विचारलं, "आधी छातीत दुखायचं का?"

"नाही. दाढ दुखायची."

"चालताना, जिना चढताना दुखायची का?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आणि मग कशासाठी कोण जाणे, घाईघाईने सांगितलं, "महिन्याभरापूर्वी कॅल्शियम स्कोअर शून्य होता."

ते हातमोजे चढवत होते. "त्याचं आता काय करू?" एवढंच बोलून आत गेले.

मुख्य वाहिनीत नव्वद टक्के अडथळा निघाला. स्टेंट बसला. आई वाचली. आयसीयूच्या काचेतून दिसते. किती लहान दिसते.

१० जानेवारी, सुरत

मी मर्यादा वर नेली होती.

डोळे मिटले की तेच. मी मर्यादा वर नेली, आईचा फिकट चुना तिच्याखाली राहिला, आणि मशीनने शून्य दिला. एकोणतीस या आकड्यासाठी. मी आईला एकोणतीसवर नेलं.

आणि शिबिरातले ऐंशी जण? त्यांच्यातले किती जण माझा शून्य खिशात घालून फिरतायत?

दादा बाकावर शेजारी येऊन बसला. "खाई ले काहीतरी." मी त्याला विचारलं, तुला माझा राग येतो का? तो म्हणाला, "तू सांगं म्हनीसन मी तिले दवाखानामा नही लयी गऊ. राग नही. पन आते माले कोन्ही काही सांगं तर भरोसा कसाना धरू?"

मी उठून कॉरिडॉरमध्ये चालत राहिले. जिन्यावरून खाली, परत वर. नर्सने दोनदा हटकलं.

१२ जानेवारी

भाग्येशला फोन करून सगळे स्कॅन देवधर मॅडमना पाठवायला लावले. आईचा आणि शिबिरातले सगळेच. रतिलाल सरांचा लगेच फोन. "डॉक्टर, हे बाहेर कशाला? लोकांना कळलं तर सेंटरचं काय?"

"चुकलं असेल तर लोकांना कळायलाच पाहिजे," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. बाजूच्या बायका बघायला लागल्या.

"आणि चुकलं नसेल तर?"

चुकलं असेल याचीच मला खात्री होती.

१६ जानेवारी

मॅडमचा फोन आला तेव्हा मी आईला मुगाचं पाणी पाजत होते. वाटी दादाकडे देऊन बाहेर आले.

"चेतना, नीट ऐक. आईचा स्कॅन मी तीनदा मोजला. मर्यादा खाली आणून मोजला, जुन्या पद्धतीने मोजला. शून्यच आहे. सुरतच्या डॉक्टरांशी बोलले. अडथळा मऊ चरबीचा होता, तिथे चुना धरलाच नव्हता. तुझ्या डोसने काही लपवलं नाही."

भिंतीला टेकून खाली बसले. रडले, हसले, दोन्ही. मग मॅडम म्हणाल्या, "चूक आहे, पण दुसरीकडे. शिबिरातल्या तीन जाड माणसांच्या फोटोत खरखर फार आहे. त्यांचे ठिपके चुन्याचे नाहीत, खरखरीचे आहेत. त्यांना तू नसलेला चुना सांगितलास."

धनसिंग गुरुजी. ते डोळ्यांपुढे आले.

"त्यांना कळवते," मी म्हणाले. "वजनाप्रमाणे करंट वाढवते."

"वाढव. आता मला सांग, ज्या बाईला दुखतंय तिचा हा स्कॅन तू केलास कशाला? हा तर न दुखणाऱ्यांचा."

"मनाला बरं वाटावं म्हणून, मॅडम."

"कुणाच्या?"

मॅडम कधी कधी फार कडक बोलतात. इतकं काही बोलायची वेळ नव्हती ही.

१७ जानेवारी

मऊ चरबी चुन्याआधी येते, त्रास होत असेल तर शून्यावर विसंबू नये. हे मी परीक्षेत लिहिलंय. माझ्या स्लाइड्समध्येही आहे, दुसऱ्या स्लाइडवर, शेवटच्या ओळीत.

२१ जानेवारी

आईला ब्राह्मणपुरीला आणलं. अंगणात बाज टाकून बसते. गावातल्या बायका येतात, सगळ्यांना सांगते, "मन्ही पोर व्हती म्हनीसन वाचनी." मी स्वयंपाकघरात निघून जाते.

दोघा शिक्षकांना फोन लागले. एक जण देवाला नमस्कार करून मोकळा झाला. दुसऱ्याने विचारलं, मग तुमच्या कुठल्या रिपोर्टवर विश्वास ठेवायचा? मी म्हटलं, खर्च न घेता दुसऱ्या सेंटरमध्ये तपासून देते. तो नको म्हणाला. धनसिंग गुरुजींचा फोन लागत नाही.

२५ जानेवारी

तोरणमाळला जाऊन आले.

फोनची वाट बघत बसणं जमेना. सातपायरी घाटात गाडी दुसऱ्या गियरवर रडत चढली. वर थंडी अशी की बोटं वळेनात. आश्रमशाळेत कळलं, गुरुजी पंधरा दिवस रजेवर.

घर सापडलं. गुरुजी उन्हात खाटेवर पडून होते, अंगावर कांबळ. शिबिरातला तो मोठा आवाज गेलेला. त्यांच्या बायकोने, कालीबाईने, मला ओळखल्यावर आधी पाणी दिलं आणि मग बोलायला सुरुवात केली. मोडक्या मराठीत, पण प्रत्येक शब्द लागेल असा. "तुमच्याकडून आला तेव्हापासून हा असा. शेतात नाही जात. बैल नाही धरत. मका मी एकटीने खुडला. म्हणतो चाललो की मरेन, भाऊ मेला तसा. बरा माणूस नेला तुम्ही आणि असा पाठवला."

मी खाटेच्या कडेला बसले. "गुरुजी, माझी चूक झाली. ते ठिपके खरे नव्हते. मशीनला मी कमी किरण दिले, तुमच्या शरीराला ते पुरले नाहीत. म्हणून फोटो खरखरीत आला. चुना नाहीये."

ते उठून बसले. "म्हणजे मी बरा आहे?"

हो म्हणणार होते. तोंडात आलं होतं. आणि एकदम थांबले. मला तरी काय माहीत होतं त्यांच्याबद्दल? एक फोटो, तोही बिघडलेला.

"त्या फोटोत चुना नाही, एवढंच मला माहीत आहे," मी म्हटलं. "बाकीचं तुम्ही सांगा. चढ चढताना काही होतं का? छातीत, हातात, जबड्यात, पाठीत? थांबलं की जातं का? भाऊ गेले तेव्हा त्यांचं वय काय होतं? त्यांना आधी काही व्हायचं का?"

ते सांगत गेले. मध्ये कालीबाई त्यांना दुरुस्त करत होती. त्यांना कधीच काही झालं नव्हतं, मी चुना सांगितला तोपर्यंत. भाऊ मात्र चढावर थांबायचा, पोटात जळतं म्हणायचा, सोडा प्यायचा. मी रक्तदाब घेतला, जरा जास्त होता. त्याच्यासाठी शहाद्याला फिजिशियनकडे या म्हटलं, मी स्वतः बरोबर येईन. ऊन कलायला लागलं तेव्हा उठले. गुरुजी कांबळ टाकून गाडीपर्यंत आले. चढच आहे थोडा. कालीबाई मागून त्यांच्याकडे बघत उभी होती.

घाट उतरताना एका वळणावर गाडी बाजूला घ्यावी लागली. समोरचं दिसेना. चढताना होतं का, थांबलं की जातं का. किती सोपे प्रश्न आहेत. आईने मला फोनवर पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं.

२९ जानेवारी

रतिलाल सरांशी बोलले. आता प्रत्येक माणसाशी आधी मी बोलेन. ज्याला त्रास आहे तो हृदयाच्या डॉक्टरकडे जाईल, ज्याला गरज नाही तो घरी जाईल. उरतील त्यांचाच स्कॅन. जाड माणसांना डोस थोडा जास्त लागेल, तो देईन.

"म्हणजे लोक परत जाणार," सर म्हणाले.

"जाणार."

नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. बघू.

पेपर मागे घेत नाही. आकडे खरे आहेत, डोस खरंच उतरला. ते तीन खरखरीत फोटो मात्र त्यात घालणार आहे. पाचवी स्लाइड अजून उघडवत नाही.

३ फेब्रुवारी

रविवारपासून ब्राह्मणपुरीतच आहे. आज दुपारी दादा आणि वहिनी वावरात गेले होते. आई बाजेवर, मी तिच्या पायांना तेल लावत होते. तिला काहीतरी बोलायचं होतं, हे मला कळत होतं. दोन दिवस ती सुरुवात करायची आणि थांबायची.

शेवटी म्हणाली, "चेतना, एक सांगू का? रागावू नको."

"सांग ना."

"त्या तुन्हा मशीनमा... दम धर म्हने तो पोऱ्या. मन्हाकडथून धरायना नही. जराशी हालाई गयं. तुले सांगं नही मी. तू इतली खूश व्हती." तिचे डोळे भरले. "म्हनीसन फोटो बिघडना ना? मन्हामुयेच तुन्हं नाव खराब व्हयनं ना?"

महिनाभर ती हे मनात धरून बसली होती. आयसीयूत, सुरतेत, इथे अंगणात, बायकांना माझं कौतुक सांगताना.

तेलाचा हात तसाच तिच्या पायावर. मग म्हटलं, "नही माय. तुन्हा फोटो चांगला उना. मॅडमनी तीनदा देखा. तुन्हं काहीच चुकनं नही."

"मंग तुले दिसनं कसं नही?"

"फोटोमा नव्हतंच ते. तू माले सांगी ऱ्हायनी व्हती. मी तुले काही इचारंच नही."

रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने पदराने डोळे पुसले, उशी पाठीशी घेतली, बाजेवर सरकून मला जागा केली आणि म्हणाली,

"मंग आते इचार."

मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, पहिल्यांदा कधी दुखलं?

दसऱ्याच्या आधी, ती म्हणाली, पपईच्या बांधावर. आणि सांगायला लागली.